तीन हजार खोल्या

एज़बत अल-तूत, फयूम
३ नोव्हेंबर १९८८

तफीदाताई,

या पत्राचं उत्तर आमच्या पत्त्यावर पाठवू नकोस. शेजारच्या गिरणीवाल्याच्या बायकोच्या, शौकियाच्या, नावाने पाठव. ती मला गुपचूप आणून देईल. का, ते वाचलंस की कळेल.

आमच्या माडीवर एक भाडेकरू आलाय. नझ्मी मास्तर. कैरोकडे कुठेतरी भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. दिसायला अगदी सज्जन. चपला दाराबाहेर काढतात, हाज्जाला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आधी बसा म्हणतात मग स्वतः बसतात. आवाज कधी चढत नाही. आल्या दिवशीच त्यांनी बयूमीसमोर एक मोठा नकाशा पसरला. कालव्यापलीकडच्या मातीच्या विटांच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी एके काळी तीन हजार खोल्यांचा महाल होता, निम्मा जमिनीच्या वर, निम्मा खाली. जुन्या काळचा कुणी ग्रीक प्रवासी तसं लिहून गेलाय म्हणे. वरचा महाल लोकांनी दगडादगडाने पळवला, पण खालचा तसाच आहे, असं मास्तर म्हणतात. त्याच्याही खाली शहर आहे. आणि त्या शहराची एक बाजू कालव्याखालून, शेतांखालून येऊन थेट आमच्या गोठ्याखाली संपते.

मी चहा घेऊन गेले तेव्हा आमच्या नवरोबांचं तोंड उघडंच होतं. मी म्हटलं, "मास्तर, आमच्या गोठ्याखाली शेणाशिवाय काही निघालेलं नाही अजून." मास्तर हसले. बयूमी हसला नाही.

तेव्हापासून खणणं चाललंय, ताई. सकाळी गिरणी सुरू झाली की हे दोघं गोठ्यात जातात. गिरणीच्या धडधडीत कुदळीचा आवाज मरतो. माती पोत्यात भरायची, वर बरसीमचा चारा पसरायचा आणि गाढवावरून शेतात नेऊन टाकायची. खड्डा तीन पुरुष खोल गेला, आता आडवा वळलाय. खजुराच्या खोडांचे टेकू लावलेत. कमी पडले म्हणून आमच्या आतल्या खोलीचं दारसुद्धा काढून नेलं.

मला पोलिसांची भीती आहेच. पण खरी भीती वेगळी. मी भट्टीपुढे भाकऱ्या थापायला बसते तेव्हा माझ्या बुडाखाली माणूस चालल्याचं जाणवतं. आपल्याच घरात, आपल्या पायाखाली आपला नवरा. मी हात थांबवून ऐकत बसते, भाकरी करपते.

काय करू, सांग.

इन्साफ

·

मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया
१२ नोव्हेंबर १९८८

इन्साफ,

आधी करपलेल्या भाकऱ्या नवऱ्याला वाढ. निम्मा आजार तिथेच बरा होईल.

अगं, फयूममध्ये असं घर दाखव जिथे पुरुषाने खणलेलं नाही. आपल्या बाबांनी भट्टीमागे खणलं होतं, तू पाळण्यात होतीस. एवढ्या घामाने काय निघालं, तर कान तुटलेला माठ. आईने त्यात पुदिना लावला आणि बाबांना वर्षभर पुदिन्याचा चहा पाजला. कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्या ह्यांचा खजिना आहे, घ्या अजून एक कप."

तुमच्याकडे पाणी फार वर आहे. कालवा अंगणात असल्यासारखा जवळ. आणखी थोडं खणलं की पायाला चिखल लागेल, चिखल लागला की पाणी, आणि पाणी लागलं की तुझा मास्तर नकाशाची गुंडाळी करून दुसरं गाढव शोधायला जाईल. तोवर भांडू नकोस. भांडलीस तर तो हट्टाने खणेल.

तू मात्र जप. उन्हाळ्यात बाळ गेलं तेव्हापासून तुझ्या पत्रांत मला सारखी भीतीच दिसते. दवाखान्यात रोज अशा बाया येतात माझ्याकडे. रक्त कमी झालं की छाती धडधडते, झोप उडते, भलतंसलतं ऐकू येतं. मसूर खा, कलेजी मिळाली तर खा.

नव्वाराचा खोकला गेला का? तिला म्हणावं मावशीकडे समुद्र आहे, आणि तो कुणी खणलेला नाही.

तफीदा

·

एज़बत अल-तूत
२४ नोव्हेंबर १९८८

ताई,

तुझं पत्र वाचून हसले. खूप दिवसांनी. पण पाणी लागूनही ते थांबलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात बयूमीने कुठूनतरी एक शेख आणला. डोळ्यांत सुरमा, बोटांत अंगठ्या. त्याने गोठ्यात धूप जाळला, बराच वेळ पुटपुटला आणि म्हणाला, खाली दाराशी राखणदार बसलाय, तो कोवळा जीव मागतो. मी दाराआडून ऐकत होते. माझ्या हातातली परात पडली. बयूमीने शेखला गचांडी धरून बाहेर काढलं, हे खरं. मास्तरही म्हणाले, "बयूमी, हे असले अडाणी लोक घरात आणू नकोस. आपलं काम शास्त्राचं आहे." तेव्हा मला मास्तरांबद्दल जरा बरं वाटलं.

पण त्या दिवसानंतर बयूमी नव्वाराशी फार गोड वागतो, ताई. नऊ वर्षं तिला त्याने कधी उचलून घेतलं नव्हतं. आता खांद्यावर बसवतो. शहरातून तिळाची वडी आणतो. परवा तिच्यासाठी रबरी बूट आणले, गुडघ्यापर्यंत येणारे. आमच्याकडे पाऊस तरी पडतो का? मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "शेतात चिखल असतो." तिला शेतात तो कधी नेत नाही.

मंगळवारी मी बाजारात जाते. परत आले तर पोरगी न्हाऊन, केस विंचरून बसलेली. कुणी घातली अंघोळ? "बाबांनी." ताई, या माणसाला साबण कुठे ठेवतात ते माहीत नाही. मी तिच्या केसांना नाक लावलं. साबणाच्या वासाखाली दुसरा वास होता. बंद विहिरीसारखा.

लोक खाटकाकडे न्यायच्या आधी कोकराला न्हाऊ घालतात, चांगलंचुंगलं खाऊ घालतात. हा विचार माझ्या मनात आला आणि आता जात नाही. तू म्हणशील, रक्त कमी आहे. असेल. मी मसूर खातेय.

इन्साफ

·

एज़बत अल-तूत
३० नोव्हेंबर १९८८

आदरणीय तफीदाताई यांस,

बयूमीचा सलाम. आमच्याकडे सर्व कुशल. मी पत्र लिहिणाऱ्यांतला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या बहिणीच्या काळजीपोटी लिहितोय.

इन्साफची प्रकृती ठीक नाही. बाळ गेल्यापासून तिला झोप नाही. बसल्या जागी दचकते, जमिनीला कान लावते. परवा आईच्या हातात कांदा चिरायची सुरी बघून किंचाळली. शाळेची वेळ सोडली तर नव्वाराला घटकाभरही सोडत नाही, पोरीला परसातसुद्धा एकटी जाऊ देत नाही. त्याने पोर घाबरीघुबरी होते.

तुम्ही दवाखान्यातल्या, तुम्हाला जास्त कळतं. तिला थोडे दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. हवापालट होईल, चित्त स्थिर होईल. एकटीलाच बोलवा, पोर बरोबर असली की तिला विसावा मिळणार नाही. नव्वाराला आई सांभाळेल, मीही आहे. मी सुचवलं असं मात्र म्हणू नका, ती उगाच संशय घेईल.

ती परत येईल तोवर आमचे दिवस पालटलेले असतील. ताई, तुम्हाला काय सांगू. जे कुणी पाहिलं नाही ते आमच्या घरात पाहिलं गेलंय. असो. समक्ष भेटीत सांगेन.

आपला,
बयूमी

·

मुहर्रम बे
५ डिसेंबर १९८८

इन्साफ,

मी खूप विचार केला. तू काही दिवस माझ्याकडे ये. थोडा हवापालट होईल, चित्त स्थिर होईल. आमच्या डॉक्टरांना दाखवू, रक्त तपासू. नव्वाराला या खेपेला हाज्जाकडे ठेव. शाळा बुडवू नकोस तिची, आणि तुलाही जरा मोकळं होऊ दे. दोघी बहिणी किनाऱ्यावर भाजलेली कणसं खाऊ, लग्नाआधी खायचो तशी.

कोकराबिकराचं डोक्यातून काढून टाक. बयूमी खुळा असेल, पण लेकीवर जीव आहे त्याचा. बापाने लाड केले तर त्यालाही भ्यायचं का?

हे मी माझ्या मनाने लिहितेय. कधी निघतेस ते कळव.

तफीदा

·

एज़बत अल-तूत
११ डिसेंबर १९८८

ताई,

"हवापालट होईल, चित्त स्थिर होईल." हे तुझे शब्द नाहीत. तू म्हणाली असतीस, ये, तुझं डोकं ठिकाणावर आणते. चित्त हा शब्द या घरात फक्त माडीवरचे मास्तर वापरतात. बयूमीने तुला पत्र लिहिलं ना? आणि मास्तरांनी ते शब्द सांगून लिहवले असणार. खरं सांग.

आता मी सांगते ते बसून वाच.

काल मी नव्वाराला न्हाऊ घालत होते. तिच्या कमरेला लाल वळ दिसला, सगळीकडून गोल, दोरीचा. मी पाणी ओतत राहिले. मग ती आपणहून म्हणाली, "आई, तुला एक गंमत सांगू? पण बाबांना सांगायचं नाही. त्यांना तुला चकित करायचंय."

ती खाली जाते, ताई. कधीपासून जाते. मंगळवारी मी बाजारात असते तेव्हा, आणि इतर दिवशी शाळेत म्हणून निघते तेव्हा. बोगद्याच्या टोकाला दोन मोठे दगड आहेत, त्यांच्यामध्ये फट. मोठं माणूस त्यातून जाऊ शकत नाही. दगड फोडावा तर वरचं सगळं खाली यायचं. म्हणून ते तिच्या कमरेला दोरी बांधतात, हातात विजेरी देतात आणि आत सोडतात. आत मोठी खोली आहे म्हणाली, खांबांची. तिच्यापलीकडे दुसरी. पाणी घोट्याएवढं. मास्तर बाहेरून सांगतात, हाक मार, आणि ती हाक मारते, मग ते घड्याळात बघत ऐकतात की आवाज किती लांबून परत येतो. एकदा विजेरी विझली होती. "मग काय केलंस?" मी विचारलं. "गाणं म्हटलं. बाबांनी दोरी ओढली." हे तिने मला फुशारकीने सांगितलं.

मी शेखच्या बोलण्याला भीत बसले होते. सुरी शोधत होते. आणि पोरगी रोज माझ्या भट्टीखालून सरपटत जात होती.

मी बयूमीपुढे उभी राहिले. त्याने नाकारलं नाही. त्याचे डोळे ओले होते. "तिने पाहिलंय, इन्साफ. पाच हजार वर्षांत कुणी पाहिलं नाही ते माझ्या मुलीने पाहिलं. मी जन्मभर दुसऱ्याच्या कांद्याच्या शेतात वाकलो. माझी मुलगी राजांच्या खोलीत उभी राहिली." मी म्हटलं, आणि दगड सरकला तर? तो म्हणाला, "इतकी वर्षं नाही सरकला."

मास्तर जिन्यात उभे होते. शांतपणे म्हणाले, "वहिनी, मुलगी फार हुशार आहे. तिची नजर पक्की आहे."

मी तिला घेऊन निघाले असते, पण हाज्जाने अंगणाच्या दाराला कुलूप घातलंय आणि किल्ली तिच्या गळ्यात आहे. मी गाव गोळा करीन, मुलगा तुरुंगात जाईल, असं तिला वाटतं. पत्र भिंतीवरून शौकियाला देतेय. झोपताना माझं मनगट आणि नव्वाराचं मनगट ओढणीने एकत्र बांधते.

तू ये.

इन्साफ

·

मुहर्रम बे
१४ डिसेंबर १९८८

इन्साफ,

हो. त्याने लिहिलं होतं. मला ते शहाणपणाचं वाटलं, आणि त्याचेच शब्द उचलून मी तुला पाठवले. त्याबद्दल भेटल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण.

मी रविवारी पहिल्या गाडीने निघते, कैरोहून बस. दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. हाज्जाने कुलूप उघडलं नाही तर मी रस्त्यात उभी राहून अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलेन, आणि माझा आवाज हाज्जाला माहीत आहे.

तोवर आरडाओरडा करू नकोस. पोरीचा हात सोडू नकोस. रात्री बांधतेस तशी दिवसाही बांध, लोक हसले तर हसू देत.

तफीदा

·

एज़बत अल-तूत
६ जानेवारी १९८९

ताई,

तू रविवारी आलीस तेव्हा अंगणात गाव जमलेलं होतं आणि मी बोलत नव्हते. नव्वाराला आपल्या कोटात गुंडाळलंस आणि घेऊन गेलीस. ते बरं केलंस. माझी इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवस विधवेने नवऱ्याचं घर सोडायचं नसतं, म्हणून मी इथेच आहे. आता हात चालतोय तर तुला सांगते. शनिवारी काय झालं ते मी अजून कुणालाच धड सांगितलेलं नाही.

तीन-चार दिवस बयूमी अगदी गप्प होता. खाली गेला नाही. मुलुखियाची पातळ भाजी केली तर नुसता वाडग्याकडे बघत बसला. मला वाटलं, उतरतंय. शनिवारी सकाळी मी पीठ मळायला बसले. ओढणीने बांधून पीठ मळता येत नाही, म्हणून नव्वाराला समोर उंबऱ्यावर बसवलं. गिरणी सुरू झाली. मी परातीत पाणी घालायला मान वळवली, पुन्हा बघितलं तर उंबरा रिकामा.

गोठ्यात मास्तर खड्ड्याच्या तोंडाशी पालथ्या टोपलीवर बसले होते, मांडीवर कागद. मी धावत आले तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू, वहिनी. ओरडू नका. आवाजाने माती हलते." माझ्या घशापर्यंत आलेली किंकाळी मी गिळली. खरंच गिळली, ताई. गुडघ्यांवर बसले आणि त्या काळ्या भोकात अगदी हळू, जसं झोपेतल्या मुलाला उठवतात तसं म्हटलं, "नव्वारा, ये गं. भाकरी झाली."

खालून बयूमीचा आवाज आला, "येतोय." तो तिला खांद्यावर घेऊन शिडीने वर आला. दोघं चिखलाने माखलेले. मी तिला त्याच्या खांद्यावरून काढून कडेवर घेतली, नऊ वर्षांची पोर कडेवर. म्हटलं, "आज हे बुजवलं नाहीस तर उद्या तफीदाताई येतेय, आम्ही तिघी पोलिसांत जाऊ." मग एकदम खांदे पडले त्याचे. म्हणाला, "बरं. बुजवतो." मनापासून म्हणाला. मी ओळखते त्याला.

तेवढ्यात नव्वारा माझ्या कडेवरून त्याच्याकडे वाकली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलली. तो हसला. लग्नाच्या दिवशी हसला होता तसा. तो मास्तरांना हळूच काही म्हणाला, मास्तर उभे राहिले, कागद खाली पडला. आणि बयूमी पहार घेऊन परत खाली गेला. "एकदाच," मला म्हणाला, "फक्त एकदा, इन्साफ."

आवाज झाला नाही. झाला असेल तर गिरणीत विरला. खड्ड्यातून धुळीचा एक लोट वर आला आणि गोठ्याची भिंत आपली आपण बसली. मग खाली पाणी वाजायला लागलं. मी नव्वाराचे डोळे झाकले, पण कान झाकायला माझ्याकडे आणखी हात नव्हते.

त्याला वर काढायला बरेच दिवस लागले. पोलिसांनी खड्डा भरून टाकला. मास्तरांनी त्यांना सांगितलं, मी फक्त माडीवरचा भाडेकरू. त्यांना सोडून दिलं, आणि ते माडी रिकामी करून गेले.

नव्वारा बोलते का? आता नको, पण कधी जमलं तर तिला विचार, बाबांच्या कानात काय म्हणालीस. तो शेवटचं कशाला हसला, ते मला हवंय.

इन्साफ

·

मुहर्रम बे
१७ जानेवारी १९८९

इन्साफ,

मी एकदा तुझ्यापासून लपवलं, आता लपवणार नाही. तरी हे पत्र मी तीनदा फाडलं. शौकियाला जवळ बसव आणि मग वाच.

आल्यापासून ती बोलत नव्हती. खायची, पण जेवताना पाय वर घेऊन बसायची, फरशीला टेकवायची नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली दुसऱ्यांची घरं आहेत, असं मी तिला जिना उतरून दाखवलं. खालच्या बाईने दार उघडून तिला संत्रं दिलं. त्यानंतर पाय टेकवायला लागली.

मी तिला काही विचारलं नव्हतं. काल दुपारी मी घेवड्याचे दाणे निवडत बसले होते, तिने माझ्या हातातलं ताट धरलं आणि म्हणाली, "मावशी, तिथे खोली नव्हती."

मी म्हटलं, कुठे?

"दगडाच्या आत. चिखल होता. पलंगाखाली असते तेवढीच जागा. मला बसतासुद्धा यायचं नाही."

पहिल्या दिवशी तिने बाहेर येऊन खरं तेच सांगितलं, आत चिखल आहे. मास्तरांनी कागद मिटून ठेवला. बयूमी भिंतीला टेकून खाली बसला. तिने बापाला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गोड आवाजात विचारलं, नीट आठव बाळ, काही सरळ, उभं, खांबासारखं दिसलं का? ती म्हणाली, हो. बयूमीने तिला उचलून गरागरा फिरवलं. मग रोज मास्तर विचारायचे आणि ती हो म्हणायची. पलीकडे आणखी एक खोली आहे का? हो. छत उंच आहे का? हो. हाक मारायला सांगायचे तेव्हा ती हाक मारायची, मग मनातल्या मनात थोडं थांबून स्वतःच बारीक आवाजात तीच हाक परत मारायची. पलीकडून आल्यासारखी.

कानात काय म्हणाली ते सांगते. बाबा रडकुंडीला आले होते म्हणाली. म्हणून ती म्हणाली, "बाबा, आज मला दार दिसलं."

एवढं सांगून तिने मला विचारलं, "आईला कळलं तर ती मला न्यायला येईल का?" मी म्हटलं, येईल की. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आज सकाळी उठल्या उठल्या परत विचारलं. माझं उत्तर तिला चालत नाही, इन्साफ. तुझं लागेल.

तफीदा

·

एज़बत अल-तूत
२४ जानेवारी १९८९

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि मी परसात जाऊन उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. तुला खरं सांगते, त्या वेळात मला ती नको होती. तिने एकदा नाही म्हटलं असतं तर तो जिवंत असता, एवढंच डोक्यात फिरत होतं. शौकिया येऊन मला हलवायला लागली तेव्हा भानावर आले. मग आठवलं की पोर आत नव्हती गेली तेव्हाही हे दोघं खणतच होते. घराचं दार काढून टेकू लावलं तेव्हा तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ते शहर तिने नाही बांधलं. ते बांधून तयार होतं, तिला फक्त त्यात पाठवलं आणि हो म्हणायला लावलं. ती नाही म्हणाली होती की, पहिल्या दिवशी. कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

पण मी हे तुला घाईत लिहितेय ते दुसऱ्याच कारणाने.

काल मास्तर आले. भर दुपारी, चपला दाराबाहेर काढून. शोक व्यक्त केला, बयूमी किती मोठ्या मनाचा होता ते बोलले, हाज्जाच्या हाताला हात लावून कपाळाला लावला. मग मला म्हणाले, "वहिनी, मला मुलीला फक्त एक गोष्ट विचारायची आहे. दार डावीकडे होतं की उजवीकडे?"

मी म्हटलं, "मास्तर, दार नव्हतं. खोलीही नव्हती. चिखल होता. तिने तुम्हाला खूश करायला सांगितलं."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. माझ्याकडे असं बघितलं, जसं तू दवाखान्यात ताप चढलेल्या पोराकडे बघत असशील. म्हणाले, "आता तुम्हाला तसं म्हणावंच लागणार. मी समजू शकतो. पण आवाज परत येत होता, वहिनी. मी स्वतः मोजलाय."

या माणसाला आता कुणी काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. नव्वाराने स्वतः सांगितलं तरी नाही. आणि ते एकटे नव्हते, ताई. बाहेर एक मोटार उभी होती, आत शहरातली दोन माणसं. त्यांनी कालव्यापलीकडे जागा घेतली आहे. गावातही बोलतात की बयूमी दाराच्या आत पोहोचला होता, आतून कुणीतरी दार लावून घेतलं. परवा शाळेजवळ कुणीतरी विचारत होतं, ती फटीतून जाणारी मुलगी कुठे असते?

मी मास्तरांना म्हटलं, ती अस्वानला आहे, तिच्या चुलत्याकडे. ते हसले आणि म्हणाले, "बरं." जाताना दारात चपला घालत म्हणाले, "अलेक्झांड्रियात थंडी फार असेल आता. ताईंना माझा सलाम सांगा."

बयूमीचं ते पत्र त्यांनीच सांगून लिहवलं होतं, ताई, मुहर्रम बेच्या पत्त्यासकट. तुझं घर त्यांना माहीत आहे.

मी उजाडायच्या बसने निघतेय. इद्दत मोडून. लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे. मी बोचकं बांधताना हाज्जा आली, मला वाटलं अडवणार. तिने गळ्यातली किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तेव्हा उघडायला हवं होतं. जा. लोकांना मी बघून घेते. म्हातारीशी कोण वाद घालतंय." मग बोचक्यात भाकऱ्या भरायला लागली, इतक्या की बोचकं बंद होईना.

हे पत्र शौकियाच्या भावाबरोबर पाठवतेय, तो ट्रक घेऊन आज संध्याकाळीच अलेक्झांड्रियाला निघतोय, म्हणजे माझ्याआधी पोहोचेल. मी पोहोचेपर्यंत दार कुणालाही उघडू नकोस. सज्जन दिसला तर मुळीच नको. दुसरीकडे एखादी खोली बघून ठेव, कितीही लहान चालेल. नव्वाराला म्हणावं, त्या जागेबद्दल आता कुणाला काही सांगायचं नाही, खोटंही नाही आणि खरंही नाही. कुणी विचारलं तर गप्प बसायचं, ते काम आईचं.

आणि तिने पुन्हा विचारलं, आईला कळलं तर, तर तिला सांग: आईला सगळं कळलंय. कळलंय म्हणूनच ती निघालीय.

इन्साफ